पैशातला ‘श’ आणि कझानचा प्राध्यापक

स्वनिम आणि रूपिम या दोन संज्ञा भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात भेटतात. स्वनिम ध्वनिविचाराच्या तासाला येतो, रूपिम शब्दांच्या घडणीच्या तासाला. पुस्तकं वेगळी, प्रश्नपत्रिकाही वेगळ्या. ही वाटणी विद्यापीठांनी आपल्या सोयीसाठी केलेली आहे. प्रत्यक्षात दोन्ही संज्ञा रुजल्या त्या एकाच गावात, एकाच चारदोन माणसांच्या गोतावळ्यात, 1880च्या आसपास. गाव होतं व्होल्गाकाठचं कझान. गोतावळा जमला होता यान बोदुएन द कुर्तने या पोलिश प्राध्यापकाभोवती.

आडनाव फ्रेंच, कारण घराणं मूळचं फ्रान्समधलं. माणूस मात्र पोलिश. जन्म 13 मार्च 1845चा, वॉर्साजवळच्या राजिमिन गावचा. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हतंच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतलं होतं आणि वॉर्सा रशियाच्या वाट्याला आलं होतं. त्यामुळे आयुष्याचा मोठा भाग बोदुएननी रशियन विद्यापीठांत शिकवण्यात घालवला. रशियन पुस्तकांत ते ‘इवान अलेक्सान्द्रोविच’ झाले. लिहिलं पोलिशमध्ये, रशियनमध्ये, जर्मनमध्ये, आणि वेळ पडली तसं आणखी काही भाषांत. त्यांच्या विचारांची उपेक्षा झाली याचं एक साधं कारण हेच आहे. एवढं सगळं एकत्र वाचणार कोण?

वॉर्सात पदवी घेतल्यावर ते प्राग, येना आणि बर्लिनला गेले. येनाला आउगुस्त श्लायखर होते. भाषा ही झाडासारखी उगवते, वाढते, सुकते, असं मानणारे आणि भाषांची वंशावळ आखणारे. बर्लिनला आल्ब्रेख्त वेबर यांच्याकडे वैदिक संस्कृत. या शिक्षणातून बोदुएननी उचललं बरंच काही, पण श्लायखरांचं झाड काही त्यांना पटलं नाही. भाषा माणसांच्या डोक्यात असते, माणसांच्या बाहेर कुठे ती जगत नाही, हे त्यांचं मत तेव्हापासूनच पक्कं होत गेलं. 1868 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी पोलिश नामांच्या विभक्तिरूपांवर एक छोटा लेख छापला. ध्वनिबदलाच्या नियमाला न जुमानणारी काही रूपं दिसतात ती का, असा प्रश्न होता. उत्तर होतं सादृश्य. बोलणारा माणूस एका शब्दाचा साचा दुसऱ्या शब्दाला लावतो. आपल्याकडचं लहान मूल ‘मी हे करलं’ म्हणतं, तेव्हा तेच करत असतं. ‘धरलं’, ‘भरलं’, ‘चिरलं’ त्याने ऐकलेलं असतं, मग ‘केलं’ कशाला? लाइपझिगच्या तरुण मंडळींनी सादृश्याचा हा मुद्दा मोठ्या गाजावाजाने मांडला तो त्यानंतर दहाएक वर्षांनी.

मग ते पायी हिंडायला निघाले. 1872पासून तीन वर्षं ऑस्ट्रियातल्या आणि उत्तर इटलीतल्या स्लोव्हेन वस्त्यांमधून. रेझिया ही इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातली डोंगरांनी वेढलेली दरी. तिथली बोली स्लाव्ह, पण शेजारच्या स्लोव्हेन माणसालाही नीट न कळणारी. एका शब्दातला एक स्वर दुसऱ्या स्वराला आपल्या जातीचा करून घेतो, ही तुर्की भाषांत दिसणारी खोड बोदुएनना तिथे ऐकू आली. या लोकांच्या पूर्वजांत कुणी तुराणी टोळी मिसळली असेल, अशी अटकळ त्यांनी बांधली. ती काही टिकली नाही. टिकलं ते त्यांचं टिपण. पोथ्यांतल्या मेलेल्या भाषांवरच पदव्या मिळण्याच्या त्या काळात शेतकऱ्यांच्या जिवंत बोलीच्या ध्वनींवर 1875 साली त्यांनी प्रबंध दिला. पुढे ते रेझियाला पुन्हा पुन्हा गेले.

त्याच वर्षी कझानला नेमणूक झाली. राजधानीपासून फार लांब, तातारांची मोठी वस्ती असलेलं गाव. विद्यापीठ मात्र अगदीच अनोळखी नव्हतं. समांतर रेषांबद्दलचं युक्लिडचं गृहीतक सोडून नवी भूमिती मांडणारे लोबाचेव्हस्की इथलेच. बोदुएन इथे तुलनात्मक व्याकरण आणि संस्कृत शिकवू लागले. 1878 साली त्यांच्याकडे एक विद्यार्थी आला, मिकोवाय क्रुशेव्स्की. तोही पोलिश. मूळचा अभ्यास तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राचा. मध्यंतरी एका आडगावच्या शाळेत मास्तरकी करून पैसे साठवलेले. माझं मत विचाराल तर दोघांत विचाराने अधिक धारदार हा शिष्यच होता. गुरूकडे निरीक्षणांचा प्रचंड साठा होता. त्या साठ्यातून नेमका सिद्धान्त काढायची घाई शिष्याला होती.

क्रुशेव्स्कीच्या 1881च्या प्रबंधाचा विषय होता ‘गुण’. म्हणजे आपल्या संस्कृत व्याकरणातलाच गुण. इ-ई चा ए होतो, उ-ऊ चा ओ होतो: ‘विद्’पासून ‘वेद’, ‘बुध्’पासून ‘बोध’. आणखी एक पायरी वर गेलं की वृद्धी: ‘वेद’पासून ‘वैदिक’, ‘बुद्धी’पासून ‘बौद्धिक’च्या वळणाची रूपं. युरोपीय पंडितांनी हा गुण संस्कृतातून उचलला आणि स्लाव्ह, ग्रीक, जर्मन अशा सगळ्या भाषांना लावला. त्यांच्या बोलण्यातून असं वाटे की मूळ स्वर आपोआप ‘फुगतो’ आणि दुसरा होतो. क्रुशेव्स्की आणि बोदुएन यांनी विचारलं, होतो म्हणजे काय? आज बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीच काही होत नाही. ‘विद्’ आणि ‘वेद’ ही दोन रूपं शेजारी-शेजारी आहेत, एवढंच खरं. ‘या ध्वनीचा तो ध्वनी झाला’ हे इतिहासाचं विधान आहे. आजच्या भाषेबद्दल फार तर इतकंच म्हणता येतं, की इथे हा ध्वनी आहे, तिथे तो आहे, आणि दोघांचं काही नातं आहे. या नात्याला त्यांनी ‘अदलाबदल’ अशा अर्थाचं नाव दिलं. भारतीय वैयाकरणांबद्दल बोदुएनना मोठा आदर होता. पण त्यांची एक तक्रारही होती: पाणिनीय परंपरा सगळं एकाच प्रतलावर मांडते, कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं याचा विचार करत नाही. तक्रार रास्त आहे की नाही यावर वाद घालता येईल. पाणिनीला इतिहास लिहायचाच नव्हता.

अदलाबदलीचा हा सिद्धान्त बोदुएननी 1895 साली जर्मनमधून सविस्तर मांडला. पुस्तक वाचायला कठीण आहे, कारण त्यांना नवी परिभाषा घडवायचं जवळजवळ व्यसन होतं. त्यांची उदाहरणं पोलिश आणि रशियन. पण मराठी माणसाला इतक्या लांब जायची गरज नाही, आपली भाषा या उदाहरणांनी भरलेली आहे.

‘अंगण’, ‘आंदण’, ‘आंबा’ हे तीन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. लिहिताना आपण तिन्ही ठिकाणी एकच टिंब देतो. पहिल्यात जिभेची मागची बाजू टाळूच्या मागच्या भागाला लागते, दुसऱ्यात टोक दातांना, तिसऱ्यात ओठ मिटतात. अनुनासिक पुढच्या व्यंजनाच्या जागेवर जाऊन बसतं. हे बोलणाऱ्याला करावं लागत नाही, होऊन जातं. कारण पुढेच उभं आहे. बोदुएनच्या मांडणीत ही पहिली पायरी, जिवंत आणि निव्वळ उच्चाराची.

आता ‘पैसा’ घ्या. अनेकवचन ‘पैसे’. सामान्यरूप मात्र ‘पैशाला’, ‘पैशांचं’. मासा-मासे-माशाला, खिसा-खिसे-खिशात, आरसा-आरसे-आरशात, ससा-ससे-सशाला. स गेला कुठे आणि श आला कुठून? आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप ‘या’कारान्त होतं: घोडा-घोड्याला, रस्ता-रस्त्यात. म्हणजे इथेही मुळात ‘पैस्या’ असणार. य उच्चारताना जीभ टाळूकडे उचलली जाते, शेजारचा स त्याबरोबर ओढला जातो आणि श होतो. आतापर्यंत सगळं अनुस्वारासारखंच. पण पुढे गंमत झाली. ज्या य ने हे घडवलं तो य स्वतःच श मध्ये विरून गेला. कारण नाहीसं झालं, परिणाम राहिला. आज ‘पैशाला’ या शब्दात स चा श व्हावा असं उच्चाराच्या दृष्टीने काहीही नाही. ‘रसाला’, ‘केसाला’, ‘तासाला’ आपण बिनदिक्कत म्हणतो, तिथे स ला काही होत नाही. त्यामुळे ‘पैशाला’ मधला श आता जिभेचा राहिलेला नाही, तो व्याकरणाचा झाला आहे. बोदुएनच्या भाषेत ही परंपरागत अदलाबदल. आधीच्या पिढ्यांकडून ती ऐकून शिकावी लागते, ती कुणाच्या तोंडात नव्याने घडत नाही.

तिसरी पायरी सर्वांत देखणी. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे, टळणे-टाळणे, तरणे-तारणे. अ च्या जागी आ आला की आपोआप घडणारी क्रिया कुणीतरी घडवलेली होते. इथे स्वराचा फरक हाच अर्थ सांगतो, वेगळा प्रत्यय दाखवता येत नाही. आणखी पुढे जाऊन तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे बघा. उ-ओ हा जुना गुण तर आहेच, शिवाय ट चा ड झाला आहे. तो का? ‘तुट’ आला ‘त्रुट्यति’च्या वळणाच्या रूपातून. प्राकृतात ट्य चा ट्ट झाला, आणि जोडव्यंजन असल्यामुळे ट तगून राहिला. ‘तोड’ आला ‘त्रोटयति’मधून. तिथे दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ट प्राकृतात मऊ होऊन ड झाला. म्हणजे दोन स्वतंत्र अपघात, दोन वेगळ्या कारणांनी झालेले. पण मराठी बोलणाऱ्याने त्या अपघातांनाच कामाला लावलं: ट आपोआप घडणाऱ्याचा, ड घडवणाऱ्याचा. ध्वनींच्या इतिहासात उरलेल्या भंगाराचा व्याकरणाने अवजार म्हणून उपयोग केला. बोदुएनच्या सिद्धान्ताचा गाभा हाच आहे. पहिल्या पायरीवरची गोष्ट पिढ्या उलटता उलटता दुसऱ्या पायरीवर येते आणि कधीकधी तिसऱ्यावर चढते. म्हणून ध्वनी एका खोलीत आणि शब्दरचना दुसऱ्या खोलीत ठेवून अभ्यास होत नाही.

स्वनिमाची कल्पना याच विचारातून निघाली. ‘फोनीम’ हा शब्द फ्रेंचमध्ये 1873पासून होता, पण नुसत्या ‘भाषेतला ध्वनी’ या अर्थाने. तो शब्द क्रुशेव्स्कीने उचलला आणि कझानमध्ये त्याला नवं काम मिळालं. रशियन ‘साद’ म्हणजे बाग. षष्ठीत ‘सादा’. पण एकटा ‘साद’ उच्चारताना रशियन माणूस ‘सात’ म्हणतो, कारण त्या भाषेत शब्दाच्या अखेरीस द सारखं घोष व्यंजन टिकत नाही. त्याला विचारा तू काय म्हणालास, तो शपथेवर सांगेल ‘साद’. म्हणजे मनात द, ओठाबाहेर त. बोदुएननी म्हटलं की भाषाशास्त्राला दोन्ही हवेत, पण वेगवेगळे. हवेत उमटतो तो ध्वनी, आणि बोलणाऱ्याच्या मनात असते ती त्या ध्वनीची प्रतिमा, म्हणजे स्वनिम. आपल्याकडे फ चं बघा. ‘फळ’, ‘फूल’ कुणी दोन्ही ओठ मिटून म्हणतं, कुणी दात ओठावर टेकवून, इंग्रजी ‘फॅन’मधल्यासारखं. उच्चार दोन, पण मराठी मनात फ एकच, म्हणून बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. उलट ‘जरा’ या एकाच अक्षरजोडीचे दोन उच्चार मात्र आपण पक्के वेगळे ठेवतो: दाताशी म्हटलं की थोडंसं, टाळूशी म्हटलं की म्हातारपण. लिपीने दोघांना एकच ज दिला, कानाने दिला नाही. लिपी आणि भाषा यांची गल्लत करू नका, हे बोदुएन विद्यार्थ्यांना आयुष्यभर बजावत राहिले. 1912 साली रशियन लिपी आणि रशियन भाषा यांच्या नात्यावर त्यांनी एक आख्खं पुस्तक लिहिलं.

रूपिम ही संज्ञा तर त्यांचीच. धातू, उपसर्ग, प्रत्यय, विभक्ती अशी वेगवेगळी नावं आधी होतीच. पण या सगळ्यांमध्ये समान काय, याला नाव नव्हतं. अर्थाचा असा लहानात लहान तुकडा, जो बोलणाऱ्याच्या मनात स्वतंत्रपणे जगतो आणि आणखी फोडला तर अर्थच उरत नाही, त्याला त्यांनी ‘मॉर्फीम’ म्हटलं. ‘घरांमधल्यांनाही’ हा शब्द घ्या. घर, मग अनेकवचनी सामान्यरूपाचा आं, मग ‘मध’, मग संबंध दाखवणारा ल, पुन्हा अनेकवचन सांगणारा यां, मग ना, शेवटी ही. आपण हे न थांबता बोलतो आणि ऐकणारा न अडखळता समजतो.

पण हे तुकडे कायमचे ठरलेले नसतात, आणि इथे बोदुएनचं मला सर्वांत आवडणारं निरीक्षण येतं. रशियनमध्ये ‘रुका’ म्हणजे हात, ‘रुकामि’ म्हणजे हातांनी. जुन्या हिशोबाने तुकडे पडतात ‘रुका’ आणि ‘मि’, कारण आ हा अंगाचाच भाग. पण बोलणाऱ्यांनी हळूहळू सीमा सरकवली: ‘रुक्’ आणि ‘आमि’. अंग आखडलं, प्रत्यय लांबला. हे झालं याचा पुरावा काय? हा ‘आमि’ सुटा होऊन, ज्यांच्या अंगात आ कधी नव्हताच, अशा नामांनाही जाऊन चिकटला. बागेचा ‘साद’ घ्या, त्याचं आज ‘सादामि’ होतं. हा बदल कुणा पंडिताने घडवला नाही, आणि त्यात एकही ध्वनी बदलला नाही. बदलली ती फक्त डोक्यातली रेघ.

क्रुशेव्स्की 1887 साली गेला, अवघा पस्तीस वर्षांचा. शेवटची वर्षं मेंदूच्या आजारात गेली. बोदुएन त्याआधीच, 1883मध्ये, दोर्पातला गेले होते, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला. तिथून क्राकोव, आणि 1900पासून पीटर्सबर्ग. मधल्या काळात त्यांनी आपल्या मुलांच्या बोलण्याच्या वह्याच्या वह्या भरल्या. मूल कोणता ध्वनी कधी चुकतं, कोणता प्रत्यय कुठे लावतं, सगळं. व्लादिमीर दाल यांच्या प्रसिद्ध रशियन कोशाची नवी आवृत्ती 1903 ते 1909 या काळात त्यांच्या संपादनाखाली निघाली. तिच्यात त्यांनी हजारो नवे शब्द घातले आणि शिव्याही घातल्या. लोक वापरतात ते शब्द कोशात हवेत, कोशकाराने नाक मुरडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. सोव्हिएत काळात दालचा कोश पुन्हा छापताना ही आवृत्ती बाजूला ठेवून त्याआधीची घेतली गेली.

भाषेच्या बाबतीत उच्च-नीच न मानणारा माणूस माणसांच्या बाबतीतही तसाच होता. रशियन साम्राज्यातल्या अल्पसंख्य जमातींच्या हक्कांबद्दल 1913मध्ये त्यांनी पुस्तिका लिहिली. सरकारने दोन वर्षांची शिक्षा ठोठावली आणि साठी-सत्तरीच्या मधल्या या प्राध्यापकाने काही महिने तुरुंगात काढले. पोलंड स्वतंत्र झाल्यावर ते वॉर्साला परतले. 1922 साली पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत ज्यू, युक्रेनी, जर्मन, बेलारूसी प्रतिनिधींच्या गटाने त्यांचं नाव पुढे केलं. संसदेतल्या पहिल्या फेरीत त्यांना 103 मतं पडली. निवडून आले गाब्रिएल नारुतोविच, आणि पदग्रहणानंतर आठवड्याच्या आतच त्यांची हत्या झाली. बोदुएन 1929पर्यंत जगले.

त्यांच्या कल्पनांचं पुढे काय झालं? फेर्दिनां द सोस्यूर त्यांना पॅरिसमध्ये भेटले होते, आणि भाषेच्या सैद्धान्तिक विचाराच्या सर्वांत जवळ पोचलेल्यांमध्ये त्यांनी बोदुएन आणि क्रुशेव्स्की यांची नावं घेतली होती. भाषेची आजची स्थिती आणि तिचा प्रवास यांचा अभ्यास वेगळा हवा, हे बोदुएन सोस्यूरच्या आधीपासून सांगत होते. पीटर्सबर्गचे त्यांचे शिष्य लेव श्चेर्बा यांनी स्वनिमाची व्याख्या अर्थभेदाकडे वळवली. निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांनी 1939मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात मनाला जवळजवळ हाकलूनच दिलं: स्वनिम कुणाच्या डोक्यात काय आहे यावरून ठरवू नका, भाषेत तो काय काम करतो यावरून ठरवा. याने शिस्त आली, पण ध्वनी आणि शब्दरचना यांची फारकतही झाली. एका पिढीतल्या अमेरिकनांनी तर ध्वनींचं विश्लेषण करताना शब्दांच्या तुकड्यांकडे बघणंच निषिद्ध ठरवलं. ती भिंत पडली 1968 साली, नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांच्या इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवरच्या पुस्तकाने. अदलाबदल पुन्हा मध्यभागी आली, मनही आलं. हॅले हे रोमान याकोबसनचे विद्यार्थी, आणि कझानच्या मंडळींची ओळख पश्चिमेला करून देणाऱ्यांत याकोबसन आघाडीवर होते.

मात्र हॅले आणि चॉम्स्की यांनी ‘होतो’ हे क्रियापद परत आणलं. त्यांच्या मते मनात एकच मूळ रूप असतं आणि नियम लावून त्यातून दुसरं रूप तयार होतं. बोदुएनना हे रुचलं नसतं. त्यांच्या दृष्टीने दोन्ही रूपं मनात असतात आणि त्यांच्यातलं नातंही. यातलं कोणतं खरं, यावर आजही प्रयोग चालतात, वाद झडतात. मराठीतल्या नव्या शब्दांकडे पाहिलं तर दोन्ही बाजूंना दारूगोळा मिळतो. ‘समोसा’ बाहेरून आला, तरी ‘समोशात बटाटाच नाही’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत, म्हणजे साचा अजून चालतो. ‘समोस्यात’ म्हणणारेही आहेत. त्यांनी ‘या’ लावला, पण स ला हात लावला नाही. आणि ‘व्हिसा’ला तर बहुतेकजण सामान्यरूपच देत नाहीत, ‘व्हिसासाठी रांग लावली’ म्हणतात. तीन शब्दरूपं, तीन निरनिराळे निर्णय, आणि घेणाऱ्याला कळतही नाही की आपण काही निर्णय घेतला.